धाकट्या तळ्याचं पाणी

अल्डनमामाला मी कधी टवटवीत पाहिलाच नाही. आमच्याकडे तळ्याचा मुखिया होणं म्हणजे जन्मभर लोकांची बोलणी खाणं, आणि मामा तरुणपणीच मुखिया झाला. उन्हाळा सरताना, ऑगस्टच्या शेवटाला, धाकट्या तळ्यात भात पिकतं. ते कुणी पेरत नाही, पाण्याखालच्या चिखलातून आपलं आपण उगवतं. होडीत बसून एका काठीने कणसं वाकवायची, दुसरीने हलके झोडायची. होडीत पडेल ते आपलं, पाण्यात पडेल ते पुढच्या सालचं बी. पण मुखियाने ‘चला’ म्हटल्याशिवाय एकही होडी पाण्यात घालायची नाही, ही आमची रीत. लवकर ‘चला’ म्हटलं तर दाणा कोवळा, उशिरा म्हटलं तर वारा सगळं झाडून टाकतो. दोन्हीकडून दोष मामालाच.

तो मुखिया झाला त्याच वर्षी पाणी चढलं. जूनमध्ये भाताची पानं पाण्यावर आडवी पसरलेली असतात आणि मुळांनी अजून चिखल धरलेला नसतो. तेव्हाच पाणी वाढलं तर रोप उपटून तरंगायला लागतं. तळ्याच्या तोंडाशी बीव्हरांनी, म्हणजे दातांनी झाडं पाडणाऱ्या पाणप्राण्यांनी, फांद्या आणि चिखलाचा बांध घातला होता, त्यात पाऊस बेसुमार झाला. त्या साली कुणाच्याच घरात भात आलं नाही. तोंडावर कुणी काही म्हणालं नाही, पण दुकानात लोक मामाच्या शेजारी उभे राहीनासे झाले. त्याने ते मनाला फार लावून घेतलं. पुन्हा पाणी चढू द्यायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

तेव्हापासून दर वसंतात बर्फ फुटलं की मामा कंबरभर गार पाण्यात उतरायचा आणि बांध उपसायचा. बीव्हर रात्री बांधायचे, मामा दिवसा मोडायचा. संध्याकाळी घरी येऊन भिंतीला पाठ टेकायचा तो जेवायलाही उठायचा नाही. डेल्फीनमामी जीभ आवरणारी नव्हती. म्हणायची, “त्यांचे दात तरी वाढत असतात. तुझे पडायला लागले.”

गुण आला, हे मात्र खरं. पाणी वर्षानुवर्षं एका पातळीला राहिलं आणि भात दरसाल आलं. सगळं सुरळीत चाललं की मुखियाची आठवण कुणाला येते? मग हळूहळू भात विरळ व्हायला लागलं. त्याच्या जागी पिवळी कमळं पसरली, अशी दाट की होडी पुढे सरकेना. मामाने आधी बदकांना शिव्या दिल्या, मग मोटारबोटवाल्यांना, मग जड काठ्या वापरणाऱ्या तरुण पोरांना. एकदा मलाही झापलं. मी मनावर घेतलं नाही, कारण त्याच्या तोंडावर रागापेक्षा शीण जास्त दिसत होता.

शेवटी मामीची भाची रीना आली. ती आमच्या जमातीच्या पाणी खात्यात काम करते. दिवसभर तळ्याचा तळ चाचपून ती स्वयंपाकघरात आमच्यासमोर बसली आणि आडपडदा न ठेवता बोलली. भाताला दरसाल बियापासून सुरुवात करावी लागते, कमळ मात्र त्याच जुन्या मुळावर पुन्हा उठतं, म्हणून पाणी हललं नाही की कमळाचं फावतं. हिवाळ्यात बर्फ त्या मुळांना धरून बसतं आणि वसंतात पाणी चढलं की वर येताना ती उपटून काढतं. चिखल मोकळा होतो. भाताचं बी त्या चिखलात वर्षं वर्षं वाट बघत पडलेलं असतंच. तेव्हा बांध मोडू नका आणि काही वर्षं भाताचं नाव काढू नका, असं तिचं म्हणणं.

मामाने मामीकडे पाहिलं. तिच्या मूत्रपिंडांनी केव्हाच हात टेकले होते. रक्त शुद्ध करणाऱ्या मशीनवरून आली की तिच्या पोटात फक्त या तांदळाची पेज ठरायची. दुसऱ्या तळ्यांचा तांदूळ लोक प्रेमाने आणून देत. ती नाक मुरडून आम्हाला वाटून टाकायची. घरात जुना तांदूळ तळाला गेला होता.

“तू आहेस तोवर बांध मोडायचं नाही सोडणार,” मामा म्हणाला.

“म्हणजे मी जायची वाट बघणार?” मामी म्हणाली. “अरे, गुरासारखं दावणीला बांधलंस त्या तळ्याला. तेही दमलं, तूही दमलास. सोड आता.”

“तुला दाणा दिसायचा नाही, डेल्फीन.”

“पाणी तर दिसेल.”

त्यानंतरच्या वसंतात मामा बांधाकडे फिरकला नाही. सकाळी सवयीने लांब बूट चढवायचा आणि दाराशी बसून राहायचा. पाणी चढलं, धक्क्याच्या फळ्या बुडाल्या. मामीने खाट खिडकीशी ओढून घेतली होती. तिथून ती त्याला सांगायची की आज पाणी कुठवर आलं, आणि तो नुसता हुंकार द्यायचा. दुसऱ्या हिवाळ्यात, तळं गोठलेलं असताना, ती गेली.

आमच्यात ज्याचं माणूस गेलंय त्याने नव्या सालचं काही खायचं नाही, गोळाही करायचं नाही. दुसऱ्याने आपल्या हाताने भरवलं की मगच त्या गोष्टीची बंदी सुटते. तीनदा तोंड फिरवायचं, चौथ्यांदा घ्यायचं. वसंतात मी मामाला मेपल झाडाच्या रसाची साखर भरवली, जूनमध्ये स्ट्रॉबेरी, मग ब्लूबेरी. चौथ्यांदा तो तोंड उघडायचा, तेही उपकार केल्यासारखं. आता फक्त भात राहिलं होतं.

आणि त्याच साली भात आलं. सगळीकडे नाही, बर्फाने जिथे कमळं उपटली होती तिथे, तुकड्या-तुकड्यांनी. लोक होड्या आणि काठ्या घेऊन काठावर जमले. मामाने पाठवलं म्हणून फक्त रीना आणि मी आत जाऊन बघून आलो. मी येताना मूठभर कणसं खिशात घातली, मामापुरतं भाजून, कांडून घेण्यासाठी. रीनाने सांगितलं की पीक बेताचंच आहे, पण थोडं काढलं तर चालण्यासारखं आहे. सगळे मामाकडे बघायला लागले. त्याने ‘चला’ म्हणावं अशी माझ्यापेक्षा जास्त कुणाची इच्छा नव्हती.

मामाने उभ्या पिकावरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाला, “या साली नाही. सगळं खाली पडू द्या.”

लोक कुरकुरले. बायको गेल्यापासून याचं डोकं ठिकाणावर नाही, असं कुणीतरी मला ऐकू येईल इतपत म्हणालं. पण मुखियाचा शब्द तो शब्द. एकेक करून होड्या परत गेल्या. मी त्याच्याशेजारी बसले आणि म्हटलं की निदान शेजारच्या तळ्याचा तांदूळ आणते, तो भरवते.

“तिला नाही चालला. मला कसा चालेल?”

“म्हणजे आणखी एक साल तू असाच राहणार? कशाला छळतोस स्वतःला, मामा?”

“छळत नाही. दमलोय, पोरी. भूक नाहीये मला.”

वारा सुटला. पिकलेले दाणे पाण्यात पडायला लागले. त्यांचा आवाज फार बारीक असतो, गप्प बसलं तरच कानावर येतो. मामा डोळे मिटून ऐकत होता. मी खिशातली ती मूठभर कणसं बाहेर काढली, वाकले आणि पाण्यात सोडून दिली.