तेलखडूंचं पान

माझं काम नेहमी चिडचिडीनंच सुरू होतं. जुन्या डायऱ्यांची पेटी ओढायची, एक काढायची, नको वाटली की परत कोंबायची, दुसरी काढायची, मध्येच चहा ठेवायचा आणि तो उतू घालवायचा. या डायऱ्या म्हणजे बियाण्याच्या दुकानातून फुकट मिळायच्या त्या. शाळेत असताना मी त्यात तारखा न पाळता लिहायची आणि कडेला चित्रं काढायची. आता बुलडाण्यात भाड्याच्या खोलीत राहते. त्यातलं एखादं पान झेरॉक्सच्या दुकानातून मोठं करून आणते, जाड कागदावर चिकटवते आणि त्यावर गेरू नि काजळीनं चित्र काढते. काही ओळी झाकते, काही उघड्या ठेवते. मग फोटो काढून फोनवर टाकते. लोक खाली लिहितात, आमच्याही घरी असंच होतं म्हणून. त्यांचे आवडलेले शब्द मी चित्राच्या कडेला उतरवून घेते. चित्र पुरं झालं की नाही, हेही मला हल्ली त्यांच्यावरूनच कळतं. ही काही चांगली सवय नाही, पण लागली आहे.

मागच्या उन्हाळ्यात एक पान हाती लागलं. त्यावर माझ्या शाळकरी अक्षरात लिहिलं होतं, "मायनं आज माहे तेलखडू चुलीत घातले. एक एक करून घातले. मी हे कधीच इसरनार नाही." मी त्यावर चूल काढली, माझी ही वाक्यं उघडी ठेवली आणि फोटो फोनवर टाकला.

संध्याकाळपर्यंत फोन थांबेना. इतके लोक माझ्या चित्रांकडे कधी फिरकले नव्हते. कोणी लिहिलं, अशा आयांमुळेच मुली मागे राहतात. कोणी म्हणालं, ही आई नव्हेच. कोणाला माझं फार धाडस वाटलं. पुण्यात प्रदर्शनं भरवणाऱ्या एका बाईंचा मेसेज आला, "आईवरच पूर्ण मालिका करा ना. असंच आणखी आहे का?"

मला आनंद झाला, उगाच सोज्वळपणा कशाला करू. मी पेटी पुन्हा उपसली आणि आख्खा आठवडा मायच्या चुका शोधत बसले. सापडेनात. ती मला न्हाऊ घालते आहे, शाळेच्या गाडीत बसवून देते आहे, माझ्या वेण्यांना हसलं म्हणून कोणाशी तरी भांडते आहे, असलंच सगळं. माझा तर संतापच झाला. एवढं लिहायची मी, आणि बाईनं कामाचं म्हणावं असं एक धड केलेलं नाही.

त्याच आठवड्यात खालाचा फोन आला. खाला म्हणजे आमच्या गावी, रोहिणखेडला, मायच्या शेजारी राहते ती, कपडे शिवते. तिच्याकडे मोठा फोन आहे, मायकडे साधा.

"बेटा, तुहं ते चित्र म्या तुह्या मायले दाखोलं," ती म्हणाली. "मले वाटलं तिच्याबद्दल चांगलं लिहिलं असन, म्हणून मीच मोठ्यानं वाचू लागली. मंग थांबता नाही आलं."

"माय काय म्हणे?"

"काही नाही. म्हणे, खाली लोकायनं काय लिहिलं ते बी वाच."

"तुनं वाचलं?"

"हाव. तिनंच सांगतलं, काय करू?"

मी तशीच गावाकडे निघाले. मोताळ्याच्या एसटीत बसले तेव्हा एकच विचार डोक्यात होता, आता माय माझ्याशी पहिल्यासारखं बोलेल की नाही. काढून टाकावं ते चित्र, असं वाटे, अंगठा जाई, आणि तेवढ्यात एखादी नवी कमेंट येई नि मी ती वाचत बसे. राजूरच्या घाटात रेंज गेली तेव्हा बरं वाटलं. मोताळ्याहून काळीपिवळी जीप मिळाली तर ड्रायव्हर सीट भरल्याशिवाय हलेना, मी त्याच्यावरही खेकसले.

माय ओट्यावर अंबाडीची भाजी निवडत होती. मला पाहून म्हणाली, "जेवली काय?"

"माय, ते फोनवरचं..."

"खोटं नाही न लिहिलं. घातले होते मी चुलीत." एकेक पान खुडून टोपल्यात टाकत ती बोलत होती. "रागच आला होता मले त्या दिवशी."

मी समोर बसले. फोन मांडीवर होता. काहीतरी बोलावं म्हणून म्हटलं, लोकांना काय, ते काहीही लिहितात, मनावर घेऊ नको.

"लोकायचं कायले घेऊ? लोकं कुठं मले ओळखतात." तिनं एक किडकं पान बाजूला टाकलं. "पण इतक्या जणायनं लिहिलं, एकानं बी इचारलं नाही, त्या बाईनं काऊन घातले म्हणून. तुनं बी कधी इचारलं नाही."

खरंच नव्हतं विचारलं. तेव्हा रागानं नाही, आणि पुढं गरजच वाटली नाही. ते पान जसं होतं तसंच मला पुरत होतं. लाज वाटली, फार वाटली.

"मंग आता सांग न," मी म्हटलं. "काऊन घातले?"

तिचा हात भाजीवर थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मांडीवरच्या फोनकडे.

"सांगतलं त ते बी टाकशीन."

"नाही टाकणार, माय. तुझी शपथ."

तिनं टोपलं उचललं आणि ती आत गेली. तिनं विश्वास ठेवला नाही, आणि बरोबरच केलं. ती बोलत होती तेव्हाच माझ्या डोक्यात चित्र सुरू झालं होतं, अंबाडीवर थांबलेला तिचा हात, आणि त्याखाली तिचं हेच वाक्य, "सांगतलं त ते बी टाकशीन."