सिलिंडरातला आठ किलो गॅस

आता कुठल्या तोंडाने सांगू! पण तुम्ही चहा पाजलाय, तर ऐकाच माझा पराक्रम.

हल्ली पाइपने गॅस येतो, मीटर बघितला की कळतं किती जळला. वाशीला आम्ही नवे नवे राहायला गेलो तेव्हा असलं काही नव्हतं. एकच सिलिंडर, आणि नंबर लावला की तीन-तीन आठवडे वाट बघा. गॅस किती उरलाय हे कोण सांगणार? बायका सिलिंडर हलवून सांगायच्या. मला ते बिलकूल मान्य नव्हतं. अंदाजपंचे काम आपल्याकडे चालत नाही!

त्यात चिपळूणहून सासरे यायचे होते, पहिल्यांदाच. 'खाडीपलीकडच्या जंगलात नेऊन ठेवलंय पोरीला, काय खात असेल देव जाणे,' असं ते चार लोकांत बोलले होते. त्यामुळे सुलभाने, म्हणजे आमच्या हिने, हट्टच धरला होता. बाबांना आपल्या घरी, आपल्या हातची पुरणपोळी!

"अहो, सिलिंडर हलका लागतोय. समोरच्या कांबळे वहिनी त्यांचा जास्तीचा देतायत. घेऊ या?"

"थांब! मोजल्याशिवाय काही घ्यायचं नाही."

कांबळे वहिनी नर्स. माणसं उभी राहून वजन करतात तसला काटा त्यांच्याकडे होता. तो मागून आणला. पण सिलिंडर वर ठेवला की आकडेच झाकले जायचे! मी हरतोय काय? सिलिंडर मिठीत घेतला आणि काट्यावर चढलो. सुलभाने वाकून वाचलं.

"ऐंशी."

ऐंशीतून माझे छप्पन्न गेले, राहिले चोवीस. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच कोरलेलं असतं, सोळा. म्हणजे गॅस किती? आठ किलो! निम्म्याहून जास्त! मी वहिनींना ऐटीत सांगून आलो, "तुमचा सिलिंडर कुणा गरजूला द्या." त्यांनी तो त्याच दिवशी तुर्भ्याच्या बहिणीला देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सासरे आले. पुरणाची डाळ अर्धीमुर्धी शिजली होती. ज्योत बारीक झाली, फडफडली, गेली.

"संपला," सुलभा म्हणाली. डोळ्यांत पाणी. मला फार वाईट वाटलं हो. पण गणित ते गणित!

"संपेल कसा? आठ किलो आहे आत. व्हॉल्व अडकलाय!" मी सिलिंडर हलवला, थोपटला, आडवा पाडला. सासरे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून बघतायत. आवाज ऐकून कांबळे वहिनी धावत आल्या.

"भावजी, काय फोडताय?"

मी सगळा हिशेब तोंडपाठ म्हणून दाखवला.

"आणि तुमचे छप्पन्न कुठून आले?"

"नोकरीला लागताना डॉक्टरने लिहून दिलंय. सही-शिक्क्यासकट!"

"लागलात कधी?"

"झाली की अकरा वर्षं."

वहिनी तडक घरी गेल्या, काटा आणला, माझ्यापुढे ठेवला. मी चढलो.

चौसष्ट!

पुढची वजाबाकी तुम्हीच करा. मला तेव्हाही करवली नाही. सुलभा रडता रडता तोंडाला पदर लावून हसत होती.

पुरण शेवटी वहिनींच्या शेगडीवर शिजलं. सासरे सावकाश जेवले, हात धुतले, माझ्याकडे एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं आणि लेकीला म्हणाले, "सुलभा, इथे खायला काय मिळत असेल, याचा घोर लागला होता गो मला. आता नाही हो. आठ किलोचा पुरावा डोळ्यांनी बघितला!"