ओटीतला नारळ

भागवतची चेष्टा सगळं गाव करायचं. वरात काढायची असंल तर भागवतची जीप सांगा, म्हणायचे. नायगाव तालुक्यातल्या त्या गावात भाड्याची गाडी चालवणारा हाच एक बाबा असा, की कोंबडी आडवी आली तरी थांबून उतरायचा. लेकुरवाळ्या बायका मात्र त्याच्याच जीपमध्ये निवांत बसत.

धाकटी बहीण आरती सातव्या महिन्यात माहेरी आली होती. डोहाळजेवण झालं आणि तिला लातूरला सासरी पोचवायला भागवत निघाला. सोबत चुलते दगडोबा. आईनं ओटी भरली, तांदूळ, खण, हळकुंड आणि चांगला मोठा नारळ. भरली ओटी सासरच्या देवापुढंच सोडायची, वाटेत खाली ठेवायची न्हाई, ही त्यांच्या घरची रीत. आरती पुढच्या सीटवर पदर पोटाशी गच्च धरून बसली. गाडी सुरू होताच सीटच्या पट्ट्याची पीं-पीं सुरू झाली. आई म्हणाली, पोटावर पट्टा नको रे बाबा, लेकराला दाबंल. भागवतला ते पटलंच. त्यानं पट्टा बहिणीच्या पाठीमागून ओढून खटक्यात अडकवला. पीं-पीं बंद झाली, सगळे खूष.

पुढं पुलाचं काम चालू होतं, रस्ता बंद. भागवतनं जीप शेतातल्या गाडीवाटेला घातली. दोन्ही अंगाला डोक्याएवढी तूर. हा आपला हॉर्न वाजवत रांगत चाललेला, तरी वळणावर तुरीतून तिथल्याच शेतातल्या मलप्पाचा ट्रॅक्टर असा अंगावर आला, की ब्रेकवर पाय पडेस्तोवर धडकलाच.

धडक काही फार मोठी नव्हती. मागं बसलेल्या दगडोबांचं कपाळ पुढच्या सीटवर आपटून फुटलं आणि रक्ताची धार लागली. मलप्पा उडी टाकून आला, शेतातली माणसं पळत आली, कुणी हळद आणा म्हणतंय, कुणी उपरणं फाडतंय. आरती पुढं आपटून परत सीटवर बसली होती.

"मला काय न्हाई झालं दादा, काकांना बघ," ती म्हणाली.

अंगावर साधा ओरखडाही नव्हता. जीप चालू झाली, तसा भागवत दवाखान्याकडं निघाला. वाटेत त्यानं बहिणीकडं पाहिलं. थंडीचे दिवस, अन् तिच्या कपाळावर घाम. ओठ पांढरे. दोन्ही हात ओटीवर.

दवाखान्यात सगळे दगडोबांच्या रक्ताभोवती. आरती बाकावर गप्प, डोळे मिटून. पट्ट्याचं बोलावं तर आई काय म्हणंल, सासरचे काय म्हणतील, असं भागवतच्या मनात. एवढ्यात आरतीची मान एका अंगाला कलली. तो डॉक्टरांपुढं जाऊन उभा राहिला.

"कपाळ राहू द्या साहेब. आधी हिला बघा. पट्टा मी हिच्या पाठीमागून लावला होता. पोटावर नारळ होता."

डॉक्टरांनी हातातला कापूस टाकलाच. पोटाला हात लावला, तर पोट फळीसारखं कडक. आत रक्त साठतंय, आत्ताच्या आत्ता नांदेडला हलवा, म्हणाले. आरती ओटी सोडेना. भागवतनं स्वतःच्या हातानं पदराची गाठ सोडली. तांदूळ फरशीवर सांडले आणि नारळ त्याच्या ओंजळीत आला. त्याला साधा तडाही गेला नव्हता.

नांदेडला ऑपरेशन झालं. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. ती काचेच्या पेटीत होती तोवर भागवत बाहेर भिंतीला टेकून बसायचा. कुणी दार उघडलं की उठून उभा राहायचा. पण मायलेकी जगल्या.

लेकीला घेऊन आरती सासरी निघाली तेव्हा आईनं पुन्हा ओटी भरली. आरती सीटवर बसली. भागवतनं तिच्या पदराची गाठ सोडली, नारळ उचलून मागं डिकीत नेऊन ठेवला आणि पट्टा तिच्या खांद्यावरून नीट ओढून लावला. भरली ओटी अशी सोडत्यात का, अपशकुन होईल, म्हणून आई रडायलाच लागली.

"होऊ दे आई," भागवत म्हणाला. मग तो स्टेअरिंगवर बसला, पण बहिणीचा पट्टा पुन्हा एकदा ओढून बघितल्याशिवाय त्यानं किल्ली फिरवली नाही.