सदूभाऊंचा घाणा आणि गोठ्यातला नवा ओटा

हे लिहायचं दोन दिवस टाळत होतो. म्हटलं, आपलं काय जातंय... पण पोटात राहत नाही.

मोताळ्याजवळच्या एका गावात शाळेच्या ओसरीवर मुक्काम आहे. उतरायचं होतं पिंपळगाव राजाला, पण मोटारीत शेजारच्या बाईच्या टोपलीतली वांगी बघता बघता पुढे निघून आलो.

इथले मास्तर म्हणाले, रिकामा फिरतोस तर गावात कोणकोणते धंदे होते ते विचारून लिही. नवा महाराष्ट्र झालाय, पोरांना आपलं गाव कळू दे. मला काय, चालायला निमित्त हवं होतं.

गाव मात्र तोंड उघडेना. कोष्ट्याने माग दाखवला नाही, रंगाऱ्याने मला बघून हौदावर पोतं टाकलं. सगळ्यांना वाटलं, हा कर बसवायला आलाय...

शेवटी परवा तेल्याच्या घाण्यावर गेलो. घाणा दोघा भावांचा. थोरले दादा तेलाचे डबे घेऊन बाजार करत फिरतीवर, धाकटे सदूभाऊ एकटेच. त्यांनी मला घाण्याच्या फळीवर वजन म्हणून बसवलं. म्हणाले, धोंड्यापेक्षा बरा, बोलतोस तरी.

बैल फिरतोय, मी फिरतोय, करडई भरडतेय... आणि प्रश्न मात्र सदूभाऊच मला विचारताहेत. कुठला, कुणाचा, कुणी पाठवलं.

दर फेरीला मागचा गोठा दिसायचा. आत नवाकोरा ओटा, त्यातून लोखंडी बोल्ट वर आलेले. मी सहज विचारलं, हे बैल बांधायला का?

सदूभाऊंनी बैल थांबवला.

“दादानं धाडलं का बे तुले?”

मी शपथ घेतली तेव्हा कुठे बोलले. ओटा इंजिनाचा, बैल सोडून आता त्यावर तेल काढायचं. खामगावला जाऊन इंजिन ठरवून आलेत. घाणा वडिलांनी बसवलेला, दादांचा जीव त्यात. आधी कळलं तर घरात दोन चुली होतील.

जाताना बाटलीभर तेल दिलं. प्रेमानं की तोंड बंद ठेवायला, अजून ठरत नाही... कुणाला सांगणार नाही म्हणालो होतो. तुम्ही लांबचे, म्हणून लिहितोय. मास्तरांना काय द्यायचं, ते बघू.

थांबा... सदूभाऊंचे दादाच ओसरीवर आलेत. एवढ्यात येणार नव्हते. डबे खाली ठेवून माझ्या शेजारीच टेकलेत. नशीब, त्यांना वाचता येत नाही.

“आमच्या घान्याचं लिहून राह्यला म्हने. वाच न, आयकू दे.”