कूलरपाशी फुटलेला कोंब

ऑर्किडला माती लागत नाही, हे पारशिवनीकडच्या काळ्या रानात जन्मभर कापूस पिकवलेल्या माणसाला कोण सांगणार? मी सांगितलं होतं. बाबांनी ऐकलं नाही.

आई गेल्यावर बाबा गावात एकटेच राहायचे. एकदा शेताच्या बांधावरून घसरले आणि दुपारभर उन्हात तिथंच पडून राहिले. मग मी त्यांचं काही एक न ऐकता त्यांना नागपूरला माझ्या फ्लॅटवर घेऊन आले. शेत चुलतभावाला ठेक्यानं दिलं. मी एकटीच राहणारी, दिवसभर ऑफिसात. बाबांना करमणार कसं? ते गॅलरीतल्या कुंड्यांच्या मागे लागले. तुळस, कढीपत्ता, मोगरा, सगळी मंडळी खूश होती. ऑर्किडपाशी आले की मात्र त्यांचं तोंड वाकडं व्हायचं.

"हे कोळशात काहून लावलं वं?"

"त्याले तसंच लागते बाबा. जंगलात ते झाडाच्या फांदीवर वाढते."

"फांदीवर वाढते म्हणून का त्याले उपाशी ठेवाचं?"

ऑफिसातल्या मैत्रिणींनी दिलेलं ते झाड होतं. जांभळी फुलं येऊन गेलेली, खाली जाड, रुंद पानं, आणि कुंडीबाहेर लोंबणारी करड्या रंगाची मुळं. ती मुळं पाहिली की बाबांचा जीव कळवळायचा. बिचारं माती शोधून राहिलं, म्हणायचे.

एप्रिलात ते शेताच्या ठेक्याच्या हिशेबासाठी गावी जाऊन आले. परत येताना एसटीतून सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात शेतातली काळी माती घेऊन आले, या वयात, खांद्यावर! मी ऑफिसातून घरी आले तर ऑर्किड त्या मातीत गळ्यापर्यंत गाडलेलं, वरून पाणी घातलेलं, आणि बाबा समोर खुर्ची टाकून बसलेले. चेहऱ्यावर इतका आनंद, की रागावणं माझ्या जिवावर आलं. "आता पाहजो कसं फोफावते," ते म्हणाले. मलाही वाटलं, असू दे, कोण जाणे, जगेलही.

कसलं जगतं! काळी माती ती, पाणी धरून ठेवणार. पानं पिवळी पडली, मऊ झाली, आणि एक दिवस मधलं कोवळं पान हात लावताच बुडापासून निघून आलं. खालून कुजका वास. माझं डोकंच फिरलं. "हे काय केलं जी बाबा तुम्ही! सांगितलं होतं ना माती नको म्हणून? हे काय कापसाचं वावर आहे का?" मी आणखीही बरंच बोलले. मला राग आला की तोंड आवरत नाही, हे त्यांना माझ्या लहानपणापासून ठाऊक आहे.

ते उलटून भांडले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तुळशीलाही पाणी घालणं सोडलं. अर्धी भाकर खाऊन ताट सरकवायचे. काही विचारलं तर भिंतीकडे बघत एकच वाक्य: "आजवर माह्या हातचं झाड मेलं नव्हतं. आता मले गावाले नेऊन दे."

मला धसका बसला. गावी गेले तर हे एकटे राहणार, पुन्हा त्या बांधावर जाणार, आणि या खेपेला उचलायला कोणी आलं नाही तर? झाड गेलं तर जाऊ दे, दुसरं आणता येतं. बाप कुठून आणायचा?

म्हणून मी ते झाड वाचवायला बसले. खरं सांगते, झाडासाठी नाही. मातीतून उपटलं, नळाखाली धुतलं. पोकळ झालेली मुळं बोटात दाबली की साल निघून आत नुसता दोरा उरायचा. ती सगळी कापली. टणक होती ती दोन-चार ठेवली. कापलेल्या जागी हळद लावायला बाबांना बोलावलं. "मी नाही हात लावत," म्हणाले. "मग मेलं तर तुमच्यामुळंच," मी म्हटलं. मुकाट्यानं आले आणि इतक्या हळूच हळद दाबली, जसं लेकराच्या गुडघ्याला लावतात. मग विटेचे तुकडे आणि कोळसा घालून झाड पुन्हा बसवलं आणि कूलर होता त्या खोलीत ठेवलं, थेट झोताच्या जरा बाजूला. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओलसर हवा त्याला मिळत राहिली. बाबांची खाटही त्याच खोलीत होती.

जून सरला. दोनच पानं उरली होती, मधला गाभा तर कधीच गेलेला. बाबा रोज एकदा कुंडीत वाकून पाहायचे. आणि एका सकाळी स्वयंपाकघरापर्यंत हाक आली, "ये वं लवकर!" मी लाटणं घेऊनच पळाले.

बुडाशी, खालच्या पानाच्या बगलेत, मुगाएवढा हिरवा ठिपका.

"मूळ आहे," बाबा म्हणाले.

"मूळ कसं असन? मुळाचं टोक गोल, गुळगुळीत असते. हे चपटं आहे. फुलाचा दांडा आहे हा!"

"मरता मरता वाचलेलं झाड फुलं देईन का? काहीही!"

आठवडाभर आम्ही या ठिपक्यावरून भांडलो. इतक्या दिवसांनी ते माझ्याशी भांडत होते, आणि मला वाटत होतं, भांडा, अजून भांडा. शेवटी दोघंही चुकलो. ठिपक्याचं टोक उघडलं आणि त्यातून इवलंसं पान निघालं, मग त्याच्यासमोर दुसरं. मूळ नाही, फूल नाही, झाडाला पोर झालं होतं! गाभा गेला म्हणून झाडानं बाजूनं नवा जीव काढला होता. बाबा हसले. त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या.

पण पोराला स्वतःची मुळं नव्हती. ती येईपर्यंत त्याला आईपासून तोडायचं नाही, हे मी बजावून ठेवलं. तेवढ्यात पोळा आला. चुलतभावाच्या बैलांची खांदशेकणी करायला, त्यांचे खांदे तूप-हळदीनं चोळायला, बाबा गावी निघाले. "किती दिवस?" मी विचारलं. "पाहू," म्हणाले. त्या "पाहू"नं माझी झोप उडवली. पोळा झाला, लेकरांच्या लाकडी बैलांचा तान्हा पोळा झाला, गणपती बसले, बाबांचा पत्ता नाही. फोनवर विचारायची माझी छाती होईना.

मग पोराच्या बुडाशी एक टोक दिसलं. मी लगेच फोन लावला.

"गोल आहे का चपटं?" बाबांनी विचारलं.

"गोल. चमकते."

"मग मूळ आहे," म्हणाले, आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी येतो म्हणून त्यांचा फोन आला, आणि मी बस स्टँडवर उभी. बाबा उतरले ते खांद्यावर तेच सिमेंटचं पोतं घेऊन. पुन्हा माती! मी तिथंच तोंड उघडणार होते, पण पोतं हातात घेतलं तर हलकं. आत कोळसा होता. बाभळीचा, सुपारीएवढे तुकडे केलेला, धुऊन वाळवलेला.

"पोराले त्याची कुंडी लागन ना," ते म्हणाले.

ऑटोत बसल्यावर मी सांगितलं, एवढ्या लहान झाडाला फूल यायला दोन-तीन वर्षं लागतात बाबा.

"लागू दे ना," ते म्हणाले. "मले कुठं जाचं आहे?"

मी बाहेर पाहत राहिले, डोळे पुसायला हात मोकळे नव्हते. मांडीवर कोळशाचं पोतं होतं.