बिनविसणाची आंघोळ

माझी अंत्ययात्रा तेवढी निघाली नाही. बाकी सगळी तयारी मी स्वतः, क्रमवार, काही न विसरता केली होती.

लढाई संपली तेव्हा इतरांच्या पलटणी घरी आल्या आणि आमची गेली हरलेल्या जपानात, पहाऱ्याला. मी कोठारावरचा हवालदार. घोंगड्या, टमरेलं, खिळे, जे जे मोजता येतं ते माझ्या ताब्यात. (जे मोजता येत नाही ते माझ्या मते नसतंच. भुतं धरून!) तिथं एकदा रजा मिळाली म्हणून डोंगरातल्या एका सराईत मुक्कामाला गेलो. जमिनीतूनच कढत पाणी येतं आणि पाहुण्यानं त्यात बसून राहायचं, हाच तिथला पाहुणचार.

पोहोचलो तेव्हा दिवस बुडत होता. दार आपोआप सरकलं. आत कुणी नाही! खाली पाहिलं तर एक म्हातारी कपाळ जमिनीला टेकवून बसलेली. तिनं माझे बूट उचलले, टोकं दाराकडे करून ठेवले आणि पुढं चालू लागली. पावलांचा आवाज नाही. भिंती कागदाच्या. त्यांवरून एक लांबलचक सावली आमच्याबरोबर येत होती. मी थांबलो की तीही थांबे. (ती माझीच होती. पण हे मला सकाळी सुचलं.)

न्हाणीघरात इतकी वाफ की आपला हात आपल्याला दिसेना. गळ्याइतक्या पाण्यात बसलो, समोर पाहतो तर एक मुंडकं! डोक्यावर पांढऱ्या फडक्याची घडी, डोळे मिटलेले, खाली धड नाही. मी मनातल्या मनात रामाचं नाव घेतलं. मुंडक्यानं सावकाश एक डोळा उघडला, मला लवून नमस्कार केला आणि डोळा पुन्हा मिटला. तोही पाहुणाच होता.

बाहेर येऊन सराईचा पांढरा झगा गुंडाळला, तोच म्हातारी किंचाळली. मी उजवी बाजू वर घेतली होती. तिनं छातीवर हात जोडले, डोळे मिटले आणि मान टाकून दाखवली. कळलं! तिथं प्रेताला तसं नेसवतात. तिनं घाईघाईनं डावी बाजू वर घेऊन मला पुन्हा जिवंत केलं. मी मनाशी पक्कं केलं, ही चूक जन्मात पुन्हा नाही. निघताना साबणाच्या वड्या देऊन दोन कोरे झगे घेतले.

मग घरी आलो. आमचं गाव राहुरीजवळ, मुळा नदीच्या काठी. घरात फक्त आत्या. बायको, गोदा, तिच्या माहेरी बेलापूरला. लढाईत माझी पत्रं बंद पडली तेव्हा तिकडं कुणीतरी उठवलं होतं, की जावई गेला. आता मी आल्याचा निरोप गेला, तर सासऱ्यांचा उलट निरोप आला, "आधी मी सोता बगून येतो. मानूस खरा असंल तर लेक धाडीन."

तीन वर्षं गोदाचं तोंड पाहिलं नव्हतं. म्हणजे मामांना (सासऱ्यांना मी मामाच म्हणे) खूश करणं भागच होतं. मी ठरवलं, त्यांना असा पाहुणचार करायचा की उभ्या तालुक्यात कुणी केला नसेल!

मळ्यात आमचं बंद पडलेलं गुऱ्हाळ होतं. त्यातली रस आटवायची काहील मी घासून लख्ख केली, विहिरीच्या पाण्यानं भरली, खाली चुलाणात चिपाडं पेटवली. आत्या डोकावली.

"एवढं पानी कुनाला रं?"

"मामांना. जपानी आंघोळ!"

"आन इसन? वरून घालायला गार पानी कुटं?"

"जपानात इसन घालत नाहीत, आत्या."

आत्या माझ्याकडे एकटक बघत, मागं मागं सरकत निघून गेली. मला वाटलं, कौतुकानं.

मामा दिवस मावळल्यावर येणार होते. तेवढ्यात पाणी पारखून घ्यावं म्हणून मी आत उतरलो, मान काठावर टेकवली, डोक्यावर फडक्याची घडी ठेवली आणि डोळे मिटले. नदीवरून धुकं चढलं होतं. धुक्यात वाफ मिसळली, विझत्या चुलाणाचा लाल उजेड खालून तोंडावर. आणि मामांची गाडी ठरल्याआधीच आली!

बैल फुरफुरले आणि जागीच थबकले.

"कोन हाय तितं?" मामांचा आवाज.

आंघोळीत बसून ओरडायची तिथं रीत नाही. मी एक डोळा उघडला आणि लवून नमस्कार केला. डोकं काठाखाली गेलं.

"गेलं! मुंडकं गेलं!"

मी लगबगीनं बाहेर आलो, झगा गुंडाळला. डावी बाजू वर, दोनदा तपासून! पावलं न वाजवता गाडीपाशी गेलो आणि मामांसमोर कपाळ जमिनीला टेकवलं. मामा गाडीतून उतरले होते, पण एक हात चाकावरून सुटत नव्हता. जोडा पायातून निसटला होता. मी तो उचलला आणि तोंड बेलापूरकडे करून ठेवला.

"उलटी पावलं..." मामा पुटपुटले. "रामा, रामा!"

"या मामा. तुमच्यासाठी पानी काढलंय. गरम हाय. इसन अजाबात घातलं नाही!"

मामांचा चेहरा धुक्याहून पांढरा झाला. मी दुसरा झगा पुढं धरला.

"आन नंतर हे नेसा. पांढरं, कोरं. तुमच्यासाठी राखून ठिवलंय."

"म्हंजी..." मामांनी हात जोडले. "तू मला न्यायाला आलास व्हय रं?"

"व्हय तर! चला!"

मी त्यांचा दंड धरला, त्यांनी जिवाच्या आकांतानं मला ढकललं, आणि मी बसलो तो थेट चुलाणाच्या तोंडावर!

त्यानंतर मी जे ओरडलो ते जपानी नव्हतं. सगळे शब्द राहुरी तालुक्यातले होते, आणि लिहिण्याजोगा त्यात एकही नाही. मामा पळता पळता थांबले.

"पोळलं का रं?"

"मग काय गार लागतंय?"

"भुताला पोळत न्हाई," मामा स्वतःशीच म्हणाले आणि खाली बसून हसू लागले. आत्या कंदील घेऊन धावत आली. दुसऱ्या मुठीत देवघरातला अंगारा.

"इसन कुटं म्हून इचारलं व्हतं न्हवं मी!" ती माझ्यावरच कडाडली. "बिनइसनाचं पानी मढ्याला घालत्यात, ह्ये तुला कळंना व्हय? वर कोरं पांढरं कापड! पावनं, ह्याला आदी जित्या मानसात घ्या!"

मामांनी विहिरीची गार घागर आणली. विसण काहिलीत घालतील असं मला वाटलं. त्यांनी ते सबंध माझ्या डोक्यावर ओतलं.

"आता झाला जावई जिता! लेक धाडतो."

मग मला उमगलं. हजारो कोसांवरच्या म्हातारीची रीत मी गाठ मारून आणली होती, आणि आमच्या आत्याची रीत मात्र पार विसरलो होतो.

त्याच आठवड्यात गोदा आली. त्याला बरीच वर्षं झाली. घरातली प्रत्येक गोष्ट आजही माझ्या हिशेबानं चालते, फक्त आंघोळीचं पाणी तिच्या ताब्यात. पाणी कोमट असो, पौषातली थंडी असो, तांब्याभर गार विसण पडतंच.

"अगं, अशानं मरेन मी!" मी कुडकुडत ओरडतो.

"मेलात तर मेलात," गोदा म्हणते, "पन आंगूळ जित्या मानसाची झाली पायजे!"