दोन वाटा, एक पूल

तिला सगळे तारवाली वहिनी म्हणत. घराच्या वरच्या खोलीत तिचं कपाटभर इंटरनेट होतं. मिणमिणते हिरवे दिवे आणि पंख्याची घरघर. मोठ्या कंपनीकडून घाऊक घ्यायचं नि आसपासच्या घरांना पुरवायचं, हा धंदा. फोन धाकटी नणंद सांभाळी.

एकदा कंपनीची लाइन तुटली आणि वस्ती मुकी झाली. बोलणी ऐकून नणंदेचे कान किटले. तेव्हा जोडीला दुसऱ्या कंपनीची लाइन घ्यायचं ठरलं.

त्या कंपनीचा माणूस आला. गोड बोलणारा, पण लबाड नव्हे.

"आमची लाइन अगदी स्वतंत्र आहे, ताई."

"नदी कुठून ओलांडते?"

तो घुटमळला. "ते बघावं लागेल. पण कंपनीच वेगळी म्हटल्यावर..."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती चालत निघाली. रस्त्याकडेला जमिनीत पुरलेल्या तारांचे खुणेचे खांब होते; जुन्या कंपनीचे पिवळे, नव्या कंपनीचे निळे. उन्हाने सगळं पांढुरकं झालं होतं. पिवळे डावीकडून चालले होते, निळे उजवीकडून, आणि मधून ती, झोपेत चालावं तशी. पायाखालून या घडीला कुणाची तरी हाक, कुणाचं तरी हसू धावत असेल, या विचाराने तिची पावलं आपोआप हलकी पडू लागली.

पुलाशी निळे खांब रस्ता ओलांडून पिवळ्यांना येऊन मिळाले. ती काठावरून खाली उतरली. पुलाच्या पोटाला एकच लोखंडी नळ बांधलेला होता, आणि दोन्ही तारा त्यातच शिरत होत्या. पाण्यावरची तिरीप नळावर डुलत होती. ती किती तरी वेळ बघत राहिली. घोडं पेंड खात होतं ते इथे.

घरी आल्यावर नणंद म्हणाली, "दोन डगरींवर हात ठेवणाऱ्याला लोक नावं ठेवतात. तुला मात्र तेच हवंय."

"हो. पण डगरी दोन असायला हव्यात ना."

तिने त्या माणसाला पुलाखाली नेऊन नळ दाखवला. तो ओशाळला, पण कामाला लागला. त्याच्याच कंपनीची एक लाइन वरच्या बंधाऱ्यावरून जात होती. वळसा लांबचा, पण वाट निराळी. वहिनीने ती घेतली, आणि तीही एवढी मोठी की पुलावरची तुटली तर आपोआप एकटीने सगळा भार पेलावा.

"एरवी निम्मी रिकामीच राहणार की," नणंद कुरकुरली.

"राहू दे."

बरेच महिने काहीच झालं नाही. मग एका दुपारी वहिनी कपाटाशेजारी चटईवर डुलक्या घेत होती. फोन वाजला. जुन्या कंपनीचा माणूस अजिजीने बोलत होता: पुलाचं काम करताना यंत्राने नळच कापला, तुमच्या लोकांना त्रास होतोय, माफ करा.

वहिनीने खिडकीतून पाहिलं. समोरच्या गॅलरीत म्हातारी लांबच्या लेकीशी फोनच्या पडद्यावर बोलत होती, मधेच हसत होती. खालच्या दुकानातलं गाणं अखंड चालू होतं. कुणाला काही कळलंच नव्हतं.

"काय झालं गं, वहिनी?" नणंदेने विचारलं.

"पुलावरची लाइन गेली."

"कधी?"

"झोपेतच गेली," वहिनी म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.